भूल ‘लागते’ कशी? पेशीच्या उंबरठ्यावरचे रसायन

दाढेला पू झाला असेल तर बधिरतेचे इंजेक्शन अनेकदा लागत नाही. याला रुग्णाचा भित्रेपणा कारण नसतो आणि बहुतेक वेळा डॉक्टरांचा हलगर्जीपणाही नसतो. औषधाला चेतातंतूच्या आत शिरण्याची वाटच अडलेली असते. ही वाट नेमकी कोणती आणि ती का अडते, याचा हा मागोवा.

रात्रभर ठणकणारी दाढ, टम्म सुजलेला गाल आणि दवाखाना उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसलेला रुग्ण, हे दृश्य कोणत्याही दंतवैद्याला नवे नाही. ‘डॉक्टर, काय ती दाढ काढून टाका, पण या ठणक्यातून सोडवा,’ एवढीच त्याची मागणी असते. डॉक्टर हिरडी दाबून पाहतात आणि म्हणतात, ‘आत पू धरला आहे. इथे इंजेक्शन नीट लागायचे नाही. आधी पू बाहेर काढू, मग दाढेचे बघू.’ रुग्ण चक्रावून जातो. दुखत नव्हते तेव्हा इंजेक्शन लागले असते आणि आता असह्य दुखते आहे तेव्हा ते लागणार नाही, हा कुठला न्याय? कुणाला वाटते, औषध हलक्या प्रतीचे असेल. कुणी म्हणते, मग दोन इंजेक्शने द्या. आणि घरचे मात्र ‘तू फारच घाबरट आहेस’ म्हणून त्यालाच दटावतात.

या कोड्याचे उत्तर औषधाच्या प्रतीत नाही आणि रुग्णाच्या धीरातही नाही. ते आहे पेशीभोवतीच्या एका अतिसूक्ष्म पडद्यात. बधिरता आणणाऱ्या औषधाला हा पडदा ओलांडून आत जावे लागते आणि तो ओलांडण्याच्या काही अटी असतात. शरीराने त्या अटी पुऱ्या होऊ दिल्या नाहीत, तर औषध उंबरठ्याबाहेरच ताटकळत राहते.

वेदनेची वार्ता

वेदना दाढेत होते असे आपल्याला वाटते, पण तिची जाणीव होते मेंदूत. दाढेपासून मेंदूपर्यंत ही वार्ता पोहोचवण्याचे काम चेतातंतू करतात. त्यांना बोलीभाषेत आपण नसा म्हणतो. ही वार्ता विजेच्या स्वरूपाची असते, मात्र घरातल्या तारेतून वीज धावते तशी ती धावत नाही. चेतातंतूच्या बाहेरच्या द्रवात सोडियमचे आयन भरपूर असतात, आत मात्र कमी. तंतूच्या आवरणात सोडियमसाठी खास दारे असतात. प्रथिनांची बनलेली ही दारे एरवी मिटलेली असतात. वार्ता आली की ती क्षणभर उघडतात, धन विद्युतभार असलेले सोडियमचे आयन आत घुसतात आणि तिथला विद्युतदाब पालटतो. त्या बदलामुळे शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. एका ओळीत उभ्या केलेल्या पत्त्यांतला पहिला पत्ता पडला की पुढचे आपोआप पडत जावेत, तशी ही वार्ता पुढे सरकते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली या प्रक्रियेचे गणित मांडले आणि त्यासाठी १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

सोडियमची ही दारे काही काळ बंद ठेवता आली तर वार्ता वाटेतच थांबेल. दाढ उपटली जात असेल, पण मेंदूला त्याचा पत्ता लागणार नाही. दंतवैद्य वापरतात ते लिग्नोकेन, म्हणजेच जगात अन्यत्र लिडोकेन या नावाने ओळखले जाणारे औषध, नेमके हेच करते. पण यात एक मेख आहे. हे औषध सोडियमच्या दारात बसते ते बाहेरच्या बाजूने नव्हे, तर मुख्यतः आतल्या बाजूने. सुई मात्र औषध सोडते ते तंतूच्या बाहेर. दार आतून अडवायचे, तर आधी घरात शिरले पाहिजे.

मेदाचा दुपदरी पडदा

पेशीचे आवरण, म्हणजेच पेशीपटल, मुख्यतः मेदाच्या रेणूंचे बनलेले असते. या रेणूंचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे, तर शेपट्या पाण्यापासून दूर पळणाऱ्या. पाण्यात असे असंख्य रेणू एकत्र आले की ते आपोआप दोन पदरांत रचले जातात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे आणि शेपट्या मधोमध एकमेकींना बिलगलेल्या. हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल या संशोधकांनी १९२५ साली तांबड्या रक्तपेशींतला मेद वेगळा करून पाण्यावर पसरला आणि तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापतो असे दाखवून दिले. पेशीपटल दुपदरी असल्याचा अंदाज त्यातून बांधला गेला. या मेदात प्रथिने तरंगत असतात, हे आज मान्य असलेले चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडले.

मेदाच्या या दुपदराची जाडी अवघी पाच नॅनोमीटरच्या आसपास असते. वर्तमानपत्राच्या एका कागदाच्या जाडीत असे दहा हजारांहून अधिक पडदे एकावर एक मावतील. पण हा पातळ पडदा भलताच कडवा पहारेकरी आहे. मधला भाग तेलकट असल्याने तेलात विरघळणारे छोटे रेणू त्यातून सहज पलीकडे जातात. ज्यावर विद्युतभार आहे असा कण मात्र तिथेच अडतो. पाण्याचे रेणू अशा कणाला चहूबाजूंनी धरून ठेवतात आणि ती सोबत सोडून तेलात शिरणे त्याला परवडत नाही. फोडणीच्या तेलात मीठ विरघळत नाही, हळदीचा रंग मात्र उतरतो, हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. मीठ हे विद्युतभारित आयनांचे बनलेले असते. तत्त्व तेच.

दोन रूपांचा रेणू

लिग्नोकेनच्या रेणूचे दोन ठळक भाग आहेत. एका टोकाला तेलाशी सख्य असलेले वलय आणि दुसऱ्या टोकाला नायट्रोजनचा अणू असलेला गट. खरी गंमत या नायट्रोजनमध्ये आहे. आजूबाजूच्या द्रवात हायड्रोजनचे आयन मुबलक असतील, म्हणजे द्रव आम्लधर्मी असेल, तर हा नायट्रोजन त्यातला एक आयन उचलतो आणि संपूर्ण रेणूवर धन विद्युतभार येतो. आम्लता कमी असेल तर तो आयन सुटून जातो आणि रेणू भाररहित होतो. एकच औषध अशा दोन रूपांत वावरत असते आणि ही रूपे सतत एकमेकांत बदलत असतात.

यातले भाररहित रूप तेलात विरघळते, तेच पेशीपटल ओलांडू शकते. पण आत गेल्यावर सोडियमच्या दारात घट्ट बसण्याचे काम प्रामुख्याने भारित रूप करते. म्हणजे भार उतरवल्याखेरीज प्रवेश नाही आणि तो पुन्हा अंगावर घेतल्याखेरीज काम नाही. देवळात जाताना चपला बाहेर काढाव्यात, तसा हा रेणू आपला हायड्रोजन आयन बाहेर ठेवतो. फरक इतकाच की आत गेल्यावर त्याला तिथलाच दुसरा आयन मिळतो.

औषधाच्या कुपीत मात्र ते जाणूनबुजून भारित रूपात ठेवलेले असते. भाररहित लिग्नोकेन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्याचा हायड्रोक्लोराइड क्षार वापरला जातो आणि द्रावण आम्लधर्मी ठेवले जाते. सोबत ॲड्रिनॅलिन असेल तर ते टिकावे म्हणून द्रावण आणखी आम्लधर्मी करावे लागते. सुई टोचल्यावर पहिले काही क्षण जी चुणचुण होते, तिचे एक कारण ही आम्लता आहे. इंजेक्शनापूर्वी त्यात सोडियम बायकार्बोनेटचे निर्जंतुक द्रावण मिसळून काही डॉक्टर ही चुणचुण कमी करतात.

औषध शरीरात गेले की तिथले द्रव त्याची आम्लता शमवतात. मग किती रेणू भार उतरवतील, हे दोन गोष्टींवर ठरते. एक, त्या जागेचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप. सामू जितका कमी तितकी आम्लता जास्त, आणि सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. दुसरी गोष्ट म्हणजे औषधाचा स्वतःचा एक ठरलेला आकडा. ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू भारित आणि निम्मे भाररहित असतात तो हा आकडा. लिग्नोकेनसाठी तो सुमारे ७.९ आहे. निरोगी ऊतींचा सामू ७.४ धरला, तर हिशेब असा निघतो की, सुमारे २४ टक्के रेणू भाररहित असतात. दर चार रेणूंपैकी एकाला प्रवेशाची मुभा. तेवढे पुरेसे ठरते, कारण काही रेणू आत गेले की बाहेरचे आणखी काही भार उतरवून त्यांची जागा घेतात. म्हणूनच काही मिनिटांत ओठ जड वाटू लागतो.

कोकेनपासून झायलोकेनपर्यंत

हा आकडा किती मोलाचा आहे, हे या औषधांच्या इतिहासावरून कळते. स्थानिक भुलेची सुरुवात झाली कोकेनपासून. व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनचे द्रावण आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिले आणि डोळा बधिर होतो हे सिद्ध केले. तोवर डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे जागेपणी सोसायची यातना होती. पण कोकेनचे व्यसन लागते आणि हृदयालाही त्यापासून धोका असतो, हे लवकरच ध्यानात आले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन तयार केले. तेच नोव्होकेन या नावाने जगभर गेले. ते कोकेनहून पुष्कळ सुरक्षित, पण सावकाश काम करणारे. कारण त्याचा ठरलेला आकडा सुमारे ८.९ आहे. निरोगी ऊतीतही त्याचे जेमतेम ३ टक्के रेणू भाररहित असतात.

स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केले. लुंडक्विस्ट यांनी त्याच्या चाचण्या स्वतःच्याच शरीरावर करून पाहिल्या. झायलोकेन या नावाने १९४८ साली ते बाजारात आले आणि ३ टक्क्यांच्या जागी २४ टक्के हा फरक डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसला. भूल लवकर येऊ लागली. आजही देशोदेशीच्या दवाखान्यांत हेच औषध सर्रास वापरले जाते.

माकुळाची साक्ष

औषध आत जाऊनच काम करते, हे कुणी पाहिले? त्याची साक्ष दिली समुद्रातल्या माकुळाने. कोकण किनाऱ्यावरच्या बाजारात मिळणाऱ्या माकुळाच्या काही जातींमध्ये एक चेतातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याची जाडी अर्ध्या ते एक मिलिमीटरपर्यंत असू शकते. संशोधक तो बाजूला काढून आतला द्रव बदलू शकतात. तोशियो नाराहाशी आणि त्यांचे सहकारी फ्रेझियर व यामादा यांनी १९७० साली याच तंतूवर निर्णायक प्रयोग केले. त्यांनी सामू बाहेरून आणि आतून वेगवेगळा बदलून पाहिला. शिवाय असे रेणू वापरले, ज्यांच्यावरचा विद्युतभार कायमचा असतो आणि कधीच उतरत नाही. हे भारित रेणू तंतूच्या बाहेर सोडले तर परिणाम अगदीच क्षीण. तेच आत सोडले की मात्र वार्ता थांबली. औषध आतून काम करते आणि काम करणारे रूप भारित असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

हाच निष्कर्ष दवाखान्यात आणून पाहिला की सुजलेल्या दाढेचे कोडे सुटू लागते.

पू झालेल्या दाढेचे गणित

जंतुसंसर्ग झालेल्या जागी जिवाणू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आम्ल तयार करतात. सूज आल्याने रक्ताभिसरण कोंडते आणि आम्ल वाहून नेले जात नाही. त्यामुळे तिथला सामू खाली येतो. समजा तो ७.४ वरून ६.४ वर आला. मग लिग्नोकेनचे भाररहित रेणू २४ टक्क्यांवरून थेट ३ टक्क्यांवर येतात. औषध तेच, मात्रा तीच, सुई धरणारा हातही तोच. पण आत जाऊ शकणाऱ्या रेणूंची संख्या एक अष्टमांश झाली. बाकीचे सारे भार अंगावर घेऊन तंतूच्या दाराशी उभे राहतात आणि रक्तावाटे हळूहळू निघून जातात. नव्या कोऱ्या औषधाला गळवाने जणू जुन्या नोव्होकेनच्या पंक्तीला नेऊन बसवले.

अर्थात, सगळा दोष एकट्या आम्लतेच्या माथी मारणे योग्य नाही. सुजलेल्या भागाकडे रक्तपुरवठा वाढलेला असेल तर औषध लवकर वाहून जाते. दाह झालेल्या जागी तयार होणारी द्रव्ये चेतातंतूंना हळवे करून सोडतात, त्यामुळे एरवी न जाणवणारा स्पर्शही ठणका उठवतो. काही सोडियमची दारे औषधाला सहज दाद देत नाहीत आणि दाहात त्यांचे प्रमाण वाढते. म्हणूनच खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला, सुजेपासून दूर, मुख्य नसेजवळ इंजेक्शन देऊनही काही वेळा पूर्ण बधिरता येत नाही. तिथे सामू सामान्य असतो, तरी दाताच्या आतला दाह तीव्र असेल तर वेदना उरते. तरीही दूरवरची नस बधिर करणे हा डॉक्टरांच्या हातातला चांगला उपाय आहे आणि तो निवडण्यामागे औषधाला निरोगी, कमी आम्लधर्मी जागा मिळवून देणे हाच हेतू असतो. पूला वाट करून देण्यानेही ताण आणि ठणका लगेच हलका होतो.

मग मात्रा वाढवत नेली तर? काही प्रमाणात डॉक्टर तसे करतातही. पण प्रत्येक औषधाला वजनानुसार कमाल मर्यादा असते. सोडियमची दारे फक्त दाढेच्या नसेत नसतात, ती हृदयात आणि मेंदूतही असतात. रक्तात औषधाचे प्रमाण फार वाढले तर जीभ आणि ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, मग झटके आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड अशी संकटे ओढवू शकतात. मोठ्या शस्त्रक्रियांत वापरले जाणारे ब्युपिव्हकेन या बाबतीत विशेष जपून द्यावे लागते, कारण ते मेदात अधिक मुरते आणि हृदयातल्या दारांना चिकटून बसते. या संकटावरचा उताराही मेदातूनच सापडला. अमेरिकी भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांनी १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिले की, शिरेतून मेदाचे पांढरे द्रावण दिल्यास ब्युपिव्हकेनच्या विषबाधेतून प्राणी वाचू शकतात. माणसात या उपायाने यश मिळाल्याची पहिली नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली. मेदाकडे ओढ असलेले औषध रक्तात सोडलेल्या मेदाकडे खेचले जाते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. आज अनेक शस्त्रक्रियागृहांत हे द्रावण हाताशी ठेवलेले असते.

पूर्ण भुलेची वाट निराळी

येथवर जागेपणीच्या, एका भागापुरत्या भुलेचा विचार झाला. शुद्ध हरपवणाऱ्या भुलेचे काय? १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रियेत रुग्णाला वेदनामुक्त ठेवले आणि नवे युग सुरू झाले. पण ईथर, क्लोरोफॉर्म, नायट्रस ऑक्साइड यांच्या रासायनिक रचनेत काडीचेही साम्य नाही. तरी सारे शुद्ध कशी हरपवतात?

जर्मनीत हान्स मायर यांनी १८९९ साली आणि झुरिचमध्ये चार्ल्स ओव्हरटन यांनी १९०१ साली स्वतंत्रपणे एक सूत्र मांडले. जे द्रव्य ऑलिव्हच्या तेलात जितके अधिक विरघळते, तितकी त्याची भूल जबर. ओव्हरटन यांनी त्यासाठी बेडकाच्या पिलांवर प्रयोग केले होते. पेशीचे आवरण मेदासारखे वागते हेही याच ओव्हरटन यांनी ओळखले होते. त्यामुळे पुढची कित्येक दशके असे मानले गेले की ही द्रव्ये पेशीपटलाच्या मेदात मुरतात, त्याला फुगवतात किंवा सैल करतात आणि त्यामुळेच शुद्ध हरपते. पेशीपटल हेच त्यांचे कार्यक्षेत्र आहे, असा तो समज होता.

या समजाला धक्का दिला काजव्याने! लंडनमधील निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याला प्रकाश देणारे प्रथिन मेदाचा अंशही नसलेल्या अवस्थेत घेतले आणि त्यावर भुलेच्या औषधांचा प्रयोग केला. शस्त्रक्रियेत लागते तेवढ्याच प्रमाणात दिलेल्या औषधाने काजव्याचा प्रकाश मंदावला. मेद नसतानाही परिणाम झाला, म्हणजे औषध थेट प्रथिनाला बिलगले. हे संशोधन १९८४ साली प्रसिद्ध झाले. पुढे असेही दिसले की, एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असावे असे दोन रेणू तेलात सारखेच विरघळतात, पण भूल देण्याची त्यांची ताकद सारखी नसते. आज या औषधांची मुख्य लक्ष्ये म्हणजे चेतापेशींच्या पटलात रुतलेली प्रथिने, विशेषतः मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या द्रव्याचे ग्राही, असे मानले जाते. केटामाइनसारख्या औषधांची वाट आणखी वेगळी. या सगळ्यातून जाणीव नेमकी कशी मावळते, यावर मात्र अजून शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही.

तेलाचे महत्त्व त्यामुळे कमी झाले नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधल्या फटीतून काही झिरपत नाही. मेंदूत जायचे तर बहुतेक औषधांना या पेशींची पटले ओलांडूनच जावे लागते. आज शस्त्रक्रियेच्या आरंभी सर्रास दिले जाणारे प्रोपोफॉल मेदात चटकन विरघळते, म्हणूनच शिरेतून दिल्यावर मिनिटभरात शुद्ध हरपते. पाण्यात ते विरघळत नसल्याने सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या मिश्रणात घालावे लागते. म्हणूनच ते दुधासारखे पांढरे दिसते. एका मात्रेनंतर काही मिनिटांतच जाग येऊ लागते ती औषध शरीराबाहेर गेल्यामुळे नव्हे, तर ते मेंदूतून निघून स्नायू व अन्य अवयवांत पांगल्यामुळे. पडदा जसा आत सोडतो, तसाच बाहेरही सोडतो.

ज्यांना आत जाताच येत नाही

शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम यांसारख्या औषधांवर कायमचा विद्युतभार असतो. ती पडदा ओलांडत नाहीत आणि त्यांना तो ओलांडण्याची गरजही नसते, कारण त्यांचे काम स्नायूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असते. पण याचा दुसरा अर्थ असा की ती मेंदूत पोहोचत नाहीत. त्यांनी हातपाय लुळे पडतात, श्वास थांबतो, पण शुद्ध हरपत नाही आणि वेदनाही शमत नाही. अमेरिकी भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी हे स्वतःवर सिद्ध केले. त्यांनी क्युरारे वर्गातले औषध श्वास बंद पाडण्याइतक्या मात्रेच्याही पलीकडे घेतले. सहकाऱ्यांनी त्यांना कृत्रिम श्वास दिला. बोटही हलवता येत नसताना आपल्याला सगळे ऐकू येत होते आणि जाणवत होते, असे त्यांनी नंतर सांगितले. हा प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला. स्नायू सैल झाले म्हणजे रुग्ण झोपला असे नव्हे, हा धडा भूलतज्ज्ञ आजही विसरत नाहीत. या औषधांसोबत शुद्ध हरपवणारे औषध पुरेसे जाते आहे ना, याकडे ते सतत डोळे लावून असतात.

बाळंतिणीच्या बाबतीत हाच नियम दुधारी ठरतो. मेदात विरघळणारी औषधे वार ओलांडून बाळापर्यंत जातात, स्नायू सैल करणारी भारित औषधे फारशी जात नाहीत. बाळाच्या रक्ताचा सामू आईच्यापेक्षा किंचित कमी असतो. बाळाला प्राणवायू अपुरा पडत असेल तर तो आणखी उतरतो. मग आईकडून भाररहित रूपात आलेले लिग्नोकेनसारखे औषध बाळाच्या रक्तात भार घेते आणि परतीची वाट बंद होऊन तिथेच अडकते. गळवात औषधाला बाहेर अडवणारी आम्लता इथे त्याला आत कोंडून ठेवते. बाळ संकटात असताना भूलतज्ज्ञ औषध आणि मात्रा काळजीपूर्वक निवडतात, त्यामागे हे गणितही असते.

मिरचीची किल्ली

कायमचा भार असलेला रेणू बाहेरून निरुपयोगी, हे माकुळाने दाखवले होते. त्याच उणिवेचा कुणाला फायदा करून घेता येईल काय? मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील क्लिफर्ड वुल्फ आणि हार्वर्डचे ब्रूस बीन यांच्या चमूने २००७ साली तसे करून दाखवले. ज्या रुग्णालयात ईथरचा पहिला जाहीर प्रयोग झाला, तिथेच १६१ वर्षांनी नवा अध्याय लिहिला गेला. त्यांनी घेतला क्यूएक्स-३१४ नावाचा लिग्नोकेनचा कायमचा भारित भाऊबंद आणि त्याच्या जोडीला मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन. वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंवर तिखट आणि उष्णता ओळखणारा एक खास दरवाजा असतो, जो हालचाल घडवणाऱ्या तंतूंवर नसतो. कॅप्सायसिनने तो उघडतो आणि एरवी बाहेर अडणारा भारित रेणू त्यातून आत शिरतो. उंदरांवरच्या या प्रयोगात वेदना थांबली, पण पाय लुळा पडला नाही. ओठ न लोंबता, जीभ जड न होता फक्त वेदनाच जावी, हे दंतवैद्यांचे आणि रुग्णांचेही जुने स्वप्न. हे तंत्र रोजच्या वापरात आलेले नाही, पण पडद्याचे नियम कळले की त्यातून नवी वाट काढता येते, एवढे त्याने सिद्ध केले.

दाढेच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला यातले काहीच माहीत असण्याची गरज नाही. पण एक गोष्ट त्याच्या आणि त्याला दटावणाऱ्या नातलगांच्याही ध्यानात यायला हवी. बधिरता ही सहनशक्तीची परीक्षा नव्हे. इंजेक्शन देऊनही दुखत असेल तर ते खरोखरच दुखत असते. त्यामागे मोजता येणारे, कागदावर मांडता येणारे रसायन आहे. म्हणून ‘अजून दुखतंय’ म्हणायला लाजू नये, आणि ते ऐकणाऱ्याने त्यावर अविश्वास दाखवू नये.

चौकट : खुर्चीत बसण्यापूर्वी

* दाढ किडल्याचे ध्यानात येताच उपचार घ्यावेत. पू होण्याआधी इंजेक्शन चांगले लागते.

* सूज किती दिवसांची आहे, ताप आहे का, याआधी कधी इंजेक्शन लागले नव्हते का, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. हृदयविकार, चालू औषधे आणि पूर्वी आलेली ॲलर्जी लपवू नये.

* इंजेक्शनानंतर दाब किंवा ओढ जाणवणे स्वाभाविक आहे. वेदना वाहणारे बारीक तंतू आधी बधिर होतात, दाबाची जाणीव देणारे जाड तंतू बऱ्याच अंशी जागे राहतात. मात्र कळ येत असेल तर हात वर करून लगेच थांबवावे.

* औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून घेऊ नयेत. पू काढण्याची गरज त्यांनी टळत नाही.

* सूज गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे.